घड्याळ उंबरठ्यापासून मोजा

‘‘डॉक्टर, झोपेची एखादी गोळी लिहून द्या ना!’’ चाळिशीतले एक गृहस्थ परवा दवाखान्यात येऊन म्हणाले. डोके दुखते, पित्त होते, मुलांवर उगाच चिडचिड होते. रक्तदाब मोजला, तर १५० वर ९६. मी गोळीऐवजी कागद पुढे केला आणि म्हटले, ‘‘तुमचा दिवस लिहून काढा.’’

गृहस्थ मुलुंडचे, नोकरी अंधेरीला. सकाळी आठला घर सोडायचे. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो आणि पुढे रिक्षाची रांग. साडेनऊला कचेरी, साडेसातला सुटका, नऊला घर. म्हणजे रोज १३ तास, सहा दिवसांचे ७८. त्यांना विचारले तर ते सांगत, ‘‘काम तसं नऊ तासांचंच आहे!’’ प्रत्यक्षात खुर्चीवरचेच तास आठवड्याला ६० भरत होते. जेवणानंतर मोबाईलवर साहेबांचे निरोप येत, ते वेगळेच. अशा माणसाला झोप यावी कुठून?

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात दिसले. कारण उघड आहे. ताण आला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. ताण ओसरला की सारे पूर्ववत व्हायला हवे. पण त्यासाठी विश्रांती लागते. ती न मिळाल्यास चढलेला रक्तदाब हळूहळू मुक्कामालाच येतो.

विश्रांतीचा हक्क या मुंबईला फुकट मिळालेला नाही. म. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत, तर दुकाने व आस्थापनांसाठी नऊवरून दहापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती आणि जादा कामाला दुप्पट मोबदला, अशा अटी त्यात आहेत. गरजूला चार पैसे जास्त मिळतील, हे मी नाकारत नाही. पण नोकरी जाण्याची भीती असताना दिलेली संमती कितपत खरी? शिवाय बोरिवली-मुलुंडच्या माणसाचे बारा तास प्रवास धरून पंधरा होतात. कायदा फाटकाच्या आतले तास मोजतो. शरीर मात्र घराच्या उंबरठ्यापासून मोजते.

घरातल्या बाईचा हिशेब तर याहून कठीण. ती नऊला परतली तरी कुकर तिचीच वाट पाहत असतो. तिची दुसरी पाळी तेव्हा सुरू होते.

मग करायचे काय? एक आठवडा घर सोडल्याची व परतल्याची वेळ रोज वहीत टिपा. आकडा पाहूनच डोळे उघडतात. कामाची वेळ तासभर मागेपुढे करून मिळते का, ते वरिष्ठांना विचारा. गर्दी टाळण्यासाठी मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या कार्यालयांना असेच आवाहन केले होते. रात्री जेवणानंतर कचेरीचे निरोप पाहू नका. खरी निकड असेल तर फोन येईलच. सात तासांची झोप आधी राखून ठेवा, उरलेल्या वेळात बाकीचे बसवा. रविवारी निदान अर्धा दिवस काहीही ‘उरकू’ नका. आणि घरातली कामे वाटून घ्या. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासा; छातीत दुखले तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नका.

मालकमंडळींनाही एक सांगणे आहे. उशिरापर्यंत बसणारा माणूस जास्त काम करतो, हा भ्रम आहे. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात आणि त्या निस्तरायला पुन्हा तास लागतात.

त्या गृहस्थांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले आणि पुन्हा तपासणीला बोलावले. झोपेची गोळी दिली नाही. महिन्याने ते आले. साहेबांशी बोलून साडेसहाला निघण्याची परवानगी मिळवली होती. रक्तदाब थोडा उतरला होता. म्हणाले, ‘‘डॉक्टर, धाकटीला परवा झोपायच्या आधी गोष्ट सांगितली. सांगता सांगता मलाच झोप लागली!’’

औषध लागू पडल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.