जात मोजणार अ‍ॅप. पण यादी कोणाची?

देशाची जनगणना यावेळी कागदावर नाही, मोबाइलच्या अ‍ॅपवर. आणि तिच्यात सर्व जातींची नोंद. या दोन घोषणांपैकी पहिलीचे कौतुक भरपूर झाले, दुसरीवर वाहिन्यांनी भरपूर भांडण लावले. पण या दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात त्या जागेकडे फारसे कोणी पाहत नाही. ती जागा म्हणजे अ‍ॅपच्या पोटातली जातींची यादी. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, या जनगणनेची खरी लढाई त्या यादीत आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने जनगणनेत जातनोंद करण्याचा निर्णय घेतला. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ची शून्य घटिका ही देशासाठी संदर्भवेळ ठरवली. बर्फाळ प्रदेशांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६. या कामाला केंद्राने ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले आणि सुमारे ३० लाख कर्मचारी लावायचे ठरवले. सर्व जातींचे आकडे देशाने शेवटचे पाहिले ते १९३१ च्या जनगणनेत. स्वतंत्र भारताने १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी इतरांची पायरी ठरवली, ते स्वतः किती आहेत हे स्वतंत्र भारताच्या जनगणनेने कधी विचारलेच नाही. मंडल आयोगाला १९८० साली ओबीसींचा ५२ टक्क्यांचा अंदाज १९३१ च्याच आकड्यांवरून बांधावा लागला. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, महायुद्धाच्या काळातही, होत आलेली गणना २०२१ मध्ये हुकली. परिणाम असा की, रेशनच्या लाभार्थ्यांची संख्यासुद्धा २०११ च्या लोकसंख्येवर अडकून बसली.

आता यंत्राच्या कौतुकाकडे वळू. 'डिजिटल' म्हणजे अचूक, 'डिजिटल' म्हणजे निःपक्षपाती, असा समज पसरवला जात आहे. त्याचे उत्तर २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत आहे. ती गणनाही कागदी नव्हती. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले टॅबलेट घेऊन कर्मचारी घरोघरी फिरले होते. यंत्र होते, पैसा होता, माणसे होती. नव्हती ती जातींची पक्की यादी. जात विचारली आणि जसे ऐकू आले तसे नोंदवले. पोटजात, कुळ, आडनाव, व्यवसाय, शुद्धलेखनाच्या चुका, सगळे एकाच रकान्यात पडले.

निकाल काय लागला? १९३१ मध्ये ४,१४७ जाती होत्या. २०११ मध्ये त्या ४६ लाखांवर गेल्या! महाराष्ट्रात शासनाच्या याद्यांमधील जाती ४९४ आणि गणनेत निघाल्या ४,२८,६७७. त्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक 'जातीं'ची लोकसंख्या शंभराच्या आत. केरळातल्या माप्पिला समाजाचे नाव चाळीस प्रकारांनी लिहिले गेले. हे सर्व आम्ही सांगत नाही. केंद्र सरकारनेच सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले. कशासाठी? महाराष्ट्राने ओबीसींची माहिती मागितली होती, ती न देण्यासाठी. सरकारने स्वतःच यादीविना गणना केली आणि मग स्वतःच म्हटले, गणना वापरण्यालायक नाही!

याची किंमत कोणी मोजली? ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधले ओबीसी आरक्षण रोखले. कारण एकच, आकडेवारी नाही. आकडे सरकारी संगणकात पडून, आणि आकडे नाहीत म्हणून हक्क बंद. पुढे बांठिया आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला. त्याच्या कामात मतदार यादीतल्या आडनावांवरून ओबीसी ओळखण्याच्या पद्धतीवर ओबीसी नेत्यांनीच कडाडून आक्षेप घेतला, आणि तो योग्यच होता. गायकवाड, जाधव, मोरे, पवार ही आडनावे मराठ्यांत आहेत, ओबीसींत आहेत आणि बौद्धांतही आहेत. आडनावावरून जात ठरवणारे यंत्र गावच्या पारावर बसून 'तू कोणाचा रे?' असे विचारणाऱ्या पाटलापेक्षाही अडाणी आहे. पाटलाला निदान उत्तर ऐकावे लागत होते.

पक्की यादी करता येत नाही, असे कोणी म्हणेल तर बिहारकडे बोट दाखवावे. तिथे जातींची आधी यादी झाली, २१५ संकेतांक ठरले आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी आकडे जाहीरही झाले. अतिमागास ३६.०१ टक्के आणि मागास २७.१२ टक्के, हे देशाला कळले. पण त्याच यादीत तृतीयपंथीयांना एक 'जात' म्हणून संकेतांक दिला गेला आणि त्यांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. म्हणजे यादी नसली तर गोंधळ, आणि यादी बंद दाराआड केली तर अन्याय. दोन्हींवर उपाय एकच, यादी आधी लोकांसमोर ठेवा.

आता प्रश्न आपल्या घरचा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ नोंदी आहेत. एका नोंदीत अनेक नावे येतात. चांभार, मोची, रोहिदास एका नोंदीत. मांग आणि मातंग एका नोंदीत. महार आणि तराळ एका नोंदीत. अ‍ॅपमध्ये ही नावे एकत्र जोडलेली असतील की सुटी? एखाद्याने सांगितलेले नाव यादीत सापडले नाही तर प्रगणक काय करणार, 'इतर' दाबून पुढच्या दाराला जाणार? 'इतर'मध्ये पडलेला माणूस अनुसूचित जातीच्या संख्येतून वजा होतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात ही संख्या १,३२,७५,८९८ म्हणजे ११.८ टक्के होती. घटनेच्या ३३० आणि ३३२ व्या कलमांनी राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. अर्थसंकल्पातला वाटाही याच प्रमाणात मागितला जातो. एका चुकीच्या बटणाचा हिशेब असा विधानसभेपर्यंत जातो.

बौद्धांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. जगाच्या इतिहासात अशी नोंद क्वचितच सापडेल. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने बौद्धाला अनुसूचित जातीबाहेर ठेवले होते. धर्म खरा लिहिला तर केंद्राच्या सवलती जायच्या, सवलती राखायच्या तर धर्म लपवायचा, अशा कात्रीत एक पिढी गेली. १९९० च्या दुरुस्तीने ही कात्री मोडली. आज धर्म 'बौद्ध' आणि अनुसूचित जात, दोन्ही नोंदी एकाच वेळी कायदेशीर आहेत. (ख्रिस्ती व मुस्लिम झालेल्या आपल्या बांधवांसाठी मात्र हे दार अजून बंद आहे.) तरीही जुनी भीती मनातून गेलेली नाही, आणि आडनाव ऐकून न विचारताच 'हिंदू' लिहिणाऱ्या प्रगणकाची तक्रारही आमच्या वस्त्यांना नवी नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२०० नोंदले गेले. खरा आकडा किती, याचे उत्तर धर्माच्या रकान्यात दडले आहे.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, 'बौद्धाला जात नसते. मग जात का सांगायची?' त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. धम्माच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरे आहे. पण जनगणनेतला जातीचा रकाना आपली श्रद्धा विचारत नाही. या समाजव्यवस्थेने आपल्याला कोणत्या वाड्यात ढकलले, याची ती नोंद आहे. डॉक्टरला जखम दाखवली म्हणून जखमेचा अभिमान बाळगला असे होत नाही. म्हणून धर्माच्या रकान्यात ठामपणे 'बौद्ध', आणि जातीच्या रकान्यात जातीच्या दाखल्यावर असलेले नाव. 'नवबौद्ध' हा शब्द राज्याच्या योजनांत असला तरी अनुसूचित जातींच्या यादीत ते जातीचे नाव नाही, हे ध्यानात ठेवावे.

उपवर्गीकरणाचाही विसर पडू देऊ नये. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा दिली. या प्रश्नावर आपल्यात मतभेद आहेत, ते असोत. पण उद्या ही वाटणी ज्या आकड्यांवर होईल ते आकडेच कच्चे असतील, तर महार-मांग-चांभार एकमेकांशी भांडतील आणि वाटणी करणारा तिसराच असेल. त्यासाठी प्रत्येक जातीच्या संख्येबरोबर तिचे शिक्षण, नोकरी आणि जमीन यांचेही आकडे आले पाहिजेत.

आकड्यांचे हे राजकारण बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९३२ मध्ये लोथियन समितीचे सदस्य म्हणून काम करताना त्यांनी पाहिले की, अस्पृश्यांना प्रतिनिधित्व देण्याची वेळ येताच अस्पृश्य फारसे नाहीतच, असे सांगणारे प्रांतोप्रांती उभे राहिले. संयुक्त प्रांतात जनगणनेतला कोटीचा आकडा प्रांतिक समितीच्या हिशेबात काही लाखांवर आला. कोट्यवधी माणसांचे अपूर्णांक कसे केले जातात, यावर बाबासाहेबांनी एक स्वतंत्र प्रकरणच लिहून ठेवले. तेव्हा माणसे गायब करायला समितीची बैठक लागली होती. आता संगणकातली एक यादी पुरते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जातींची संपूर्ण यादी, पर्यायी नावांसह, मराठीत जाहीर करा आणि हरकती घ्या. बौद्ध धर्म निवडला तरी अनुसूचित जातींची यादी अ‍ॅपमध्ये उघडते, याची जाहीर चाचणी करा. भरलेली नोंद कुटुंबाला वाचून दाखवणे प्रगणकाला सक्तीचे करा. जनगणना कायदा, १९४८ चे १५ वे कलम वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवते. अ‍ॅपमधली माहिती दुसऱ्या कोणत्याही खात्याला मिळणार नाही, याची लेखी हमी द्या. आणि आकडे कधी जाहीर करणार, ती तारीख आजच सांगा. कर्नाटकाने २०१५ मध्ये केलेले सर्वेक्षण वर्षानुवर्षे कपाटात राहिले, हे देशाने पाहिले आहे.

सरकारकडे मागणी करून थांबायचे नाही. विहारांनी, महिला मंडळांनी, विद्यार्थी संघटनांनी वस्तीत बसून प्रत्येक कुटुंबाला धर्म आणि जात हे दोन रकाने समजावून सांगावेत. मोबाइलवर स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय यावेळी आहे. शिकलेल्या मुलामुलींनी शेजारच्या चार निरक्षर घरांसाठी ती वापरावी. प्रगणक दारात आला की जातीचा दाखला हातात ठेवावा, आणि त्याने काय नोंदवले ते पडद्यावर वाचल्याशिवाय त्याला उठू देऊ नये.