तिसऱ्या खुर्चीची मागणी



सातपाटीच्या बंदराला बोटी लागल्या की बायांचे काम सुरू होते. मासळी निवडायची, बर्फात घालायची, पाट्या घेऊन बाजार गाठायचा, उरलेली खारवून वाळवायची. ओल्यात उभे राहून कंबर धरते. बर्फामिठाने हात चिरतात. बाजारात लघवीला जागा नसते, म्हणून बाया पाणीच कमी पितात. आणि सकाळी दवाखान्यात डॉक्टर बसतात, नेमकी तीच वेळ तिच्या विक्रीची असते. दवाखान्याची ही वेळ ठरवताना तिला कोणी विचारले होते का?

दवाखान्यात कोणती सेवा असावी, रुग्णवाहिका कुठे उभी राहावी, पैसा कशावर खर्च व्हावा, हे ठरवण्यात दोन गटांचा हात असतो. एक गट सार्वजनिक आरोग्याच्या जाणकारांचा. ते रोग मोजतात, पाहण्या करतात, अहवाल लिहितात. दुसरा गट जिल्ह्याचा आराखडा आणि खर्च ठरवणाऱ्यांचा, म्हणजे जिल्हा परिषद आणि आरोग्य खात्याचे अधिकारी. या दोघांनी एकत्र बसून काम करावे असे नेहमी म्हटले जाते, आणि ते रास्तच आहे. खर्चाचा अधिकार नसेल तर अहवाल कपाटात पडून राहतो. आणि माहितीशिवाय केलेला आराखडा म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्यांत थोडीशी भर.

पण जाणकार आणि अधिकारी यांचे एकमत झाले म्हणजे बायांचे भले झाले, असा आपला अनुभव नाही. कुटुंबनियोजनाच्या बाबतीत हे एकमत पक्के होते. तज्ज्ञांनी लोकसंख्येचे गणित मांडले, शासनाने पैसा ओतला, आणि खेड्यातल्या नर्सबाईच्या मागे नसबंदीच्या उद्दिष्टाचा ससेमिरा लागला. बाईचे आरोग्य म्हणजे तिचे गर्भाशय, एवढाच अर्थ उरला. तिची पाठदुखी, अंगावरून जाणे, रक्त कमी असणे कोणाच्या तक्त्यात नव्हते. ही उद्दिष्टे १९९६ मध्ये मागे घेतली गेली. त्यासाठी स्त्री संघटनांना वर्षानुवर्षे भांडावे लागले.

म्हणून आपली मागणी तिसऱ्या खुर्चीची आहे. ती अशक्य नाही, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये पुणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. राज्य पातळीवर पुण्याच्या 'साथी' संस्थेने समन्वय केला. गावातल्या लोकांनी आपल्या आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे, अशी ही रीत. बाहेरून आणायला लावलेली औषधे, मागितलेले पैसे, बंद उपकेंद्रे, सारे तिथे उघड बोलले गेले. सुरुवातीला डॉक्टर-नर्सेसना हा आपल्यावरचा हल्ला वाटला. पण रिकाम्या जागा आणि औषधांचा तुटवडा हे त्यांचेही दुखणे होते, आणि लोकांनी ते वरपर्यंत नेले. पुढे या कामाला 'नियोजन' हा शब्द जोडला गेला, आणि रुग्ण कल्याण समितीचा निधी कशावर खर्चावा याचीही चर्चा लोक करू लागले.

हे किती निकडीचे आहे ते आपण जाणतो. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर बाईला उपचारांसाठी राज्याबाहेर सिल्वासाला न्यावे लागले. सुसज्ज रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही आणि ती वाटेतच गेली. ती रुग्णवाहिका कुठे असायला हवी होती, हा प्रश्न आराखड्याचा आहे, पैशाचा आहे. त्याला नशीब म्हणून आपण गप्प बसायचे का?

मग करायचे काय? प्रत्येक गावासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची तरतूद आहे. तिचे निम्मे सभासद महिला असावेत असे अभियानाच्या सूचना सांगतात. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, तिची बैठक कधी झाली, गावाच्या नावे आलेला निधी कुठे गेला, हे विचारू या. बाजारात बसणाऱ्या आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या बायांची दुखणी आपणच लिहून काढू या. यात जाणकार डॉक्टरांची मदत जरूर घेऊ, मात्र कागद आपल्या हातात ठेवू. आणि पुढच्या वर्षीचा आराखडा मंजूर होऊन आल्यावर नव्हे, तो लिहिला जात असतानाच जिल्हा परिषदेच्या दारात उभ्या राहू.

तुमच्या गावच्या समितीची हकीकत आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती सगळ्यांपर्यंत पोचवू.