मोठ्या आतड्याची दुर्बीण : कळ सोसायलाच हवी का?

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते – मूळव्याध! मग तिखट बंद, कुणी सांगितलेले चूर्ण, कुणाचा लेप, असे महिने निघून जातात. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण काही रुग्णांत त्याच रक्तामागे मोठ्या आतड्यातील मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, किंवा कर्करोगही असतो. म्हणून डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, करायला सांगतात आणि रुग्ण पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाही. याचे एक कारण लाज. दुसरे, ‘फार दुखते’ ही ऐकीव धास्ती.

ही धास्ती अगदीच निराधार नाही. तेव्हा ‘काही होत नाही हो’ म्हणून रुग्णाची बोळवण करण्यापेक्षा, दुखते कशामुळे आणि ते कमी कसे करता येते, हे सांगितलेले बरे.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि त्यात अनेक वळणे असतात. डावीकडचा खालचा भाग तर पोटात सैल असतो. लवचिक दुर्बीण पुढे सरकवताना याच भागात तिला वेटोळे पडते. बाहेरून जोर लावला, तर टोक पुढे जाण्याऐवजी वेटोळेच मोठे होते. आतडे ताणले जाते आणि कळ येते. आतडे फुगवण्यासाठी भरलेल्या हवेने त्यात भर पडते.

अडचण अशी की, टोकावरचा कॅमेरा आतड्याची आतली बाजू दाखवतो. मागची नळी पोटात कशी वळली आहे, ते दाखवत नाही. डॉक्टरांना ते हाताच्या अंदाजाने ओळखावे लागते. पूर्वी यासाठी क्ष-किरणांचा आधार घेत. पण त्या किरणांचा मारा रुग्णावर होई आणि जवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांनाही जपावे लागे. १९९३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात क्ष-किरणांवाचूनचा मार्ग मांडला. आजच्या अशा दुर्बिणींत ठरावीक अंतरांवर तारेची बारीक गुंडाळी बसवलेली असतात. चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने त्यांची जागा कळते आणि संगणक दुर्बिणीचा संपूर्ण आकार पडद्यावर काढतो. वेटोळे दिसले की दुर्बीण थोडी मागे घेऊन, पीळ देऊन सरळ करता येते. पोटावर बाहेरून नेमके कुठे दाबायचे, हे परिचारिकेलाही कळते.

सोय उत्तम आहे. ही तपासणी शिकणाऱ्या डॉक्टरांना तर तिचा विशेष उपयोग होतो. पण केवळ त्या पडद्यासाठी मोठ्या शहराकडे धाव घ्यावी, असे मला वाटत नाही. सरावलेला हात पडद्याशिवायही वेटोळे ओळखतो. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला, तर तो आतड्यातून लवकर शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो आणि नंतरची पोटफुगी कमी होते. कूस बदलणे, हवेऐवजी पाणी सोडत पुढे जाणे, योग्य गुंगी देणे, यांनीही त्रास हलका होतो. आणि जागा असलेला रुग्ण कळवळला, तर तो वेटोळे पडल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी ‘थोडे सहन करा’ म्हणून दुर्बीण पुढे ढकलण्यापेक्षा क्षणभर थांबून ती सरळ करणे, हेच शास्त्र आहे.

‘दुर्बीण नको, सी. टी. स्कॅनच करा’ असा आग्रह काही जण धरतात. सी. टी.वर मोठ्या आतड्याचे चांगले चित्र मिळते. पण त्यासाठीही सहसा पोट साफ करावे लागते, गुदद्वारातून हवा किंवा वायू भरावा लागतो आणि क्ष-किरण घ्यावे लागतात. शिवाय मोठा कोंब दिसलाच, तर तो काढायला अखेर दुर्बीणच लागते. दुर्बिणीतून मात्र बहुतेक कोंब त्याच वेळी काढता येतात. असे काही कोंब वर्षानुवर्षांनी कर्करोगात बदलतात. ते वेळीच निघाले, तर पुढचे मोठे संकट टळते.

म्हणून वाचकहो, तपासणी टाळू नका; पण मुकाट्यानेही करून घेऊ नका. गुंगी कोणती देणार, कार्बन डायऑक्साइडची सोय आहे का, दुखले तर थांबणार का, हे आधी मोकळेपणाने विचारा. पेसमेकर असेल, रक्त पातळ होण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगा. पोट साफ करण्याचे औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. अर्धवट साफ झालेल्या आतड्यात चांगल्या दुर्बिणीलाही नीट दिसत नाही. आणि डॉक्टर मंडळींना एवढेच सांगणे, की रुग्णाचा त्रास कमी करणे ही चैन नव्हे. एका रुग्णाची तपासणी सुखाने पार पडली, तर तो गावात चार जणांना धीर देईल.