पायांतली नव्हे, नळीतली थंडी

निफाडचा पारा घसरला की नाशिक जिल्ह्यात प्रत्येक दुखण्याचे खापर थंडीवर फुटते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा वर्तमानपत्रात झळकतो आणि आखडलेल्या माणसाला आपल्या आजाराचे कारण छापील मिळते. जुनाट हेपॅटायटिस सी असलेल्याच्या पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठले, सांधे धरले, तळपायांना मुंग्या आल्या, तरी निदान तेच. त्यात रक्तातल्या ज्या प्रथिनांमुळे हे होते, ती क्रायोग्लोब्युलिन थंडीत साकळतात. मग काय, 'गार पाण्यात हात घालू नका' एवढ्यावर प्रकरण मिटते.

मिटायला नको. ही प्रथिने म्हणजे प्रतिपिंडेच. विषाणू वर्षानुवर्षे डिवचत राहतो आणि बी पेशी ती बनवत राहतात. हेपॅटायटिस सीमध्ये आढळणाऱ्या मिश्र प्रकारात एक प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटते आणि ही गुंतवळ बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकून तिथे दाह पेटवते. त्यासाठी हिवाळा लागत नाही, ३७ अंशांचे शरीर पुरते. ठिपके पायांवर येतात, कारण तिथल्या वाहिन्यांवर दाब जास्त. दिवसभर उभ्याने काम केले की ते मे महिन्यातही वाढतात. द्राक्षबागेतल्या फवारणीने पित्त उठले, असा संशय घेणाऱ्यांनी ठिपक्यावर बोट दाबून पाहावे. पित्ताच्या गांध्या सहसा फिक्या पडतात. हा ठिपका पडत नाही, कारण रक्त वाहिनीबाहेर झिरपलेले असते. विरला तरी तपकिरी डाग मागे ठेवतो.

'कावीळ नाही, एसजीपीटी नॉर्मल, मग कसली काळजी?' हा युक्तिवाद याहून घातक. हेपॅटायटिस सी बहुधा कावीळ न दाखवताच मुरतो. यकृत शांत दिसत असताना मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडू शकतात, नसा निकामी होऊ शकतात. रुग्ण सांध्यांसाठी जातो, आर. ए. फॅक्टर पॉझिटिव्ह येतो आणि आमवाताच्या गोळ्या सुरू होतात. पण मिश्र प्रकारातले एक प्रतिपिंड स्वतःच आर. ए. फॅक्टर असते, चाचणी वाढलेली दिसणारच. अशा वेळी सी४ हे पूरक प्रथिन मोजावे. ते तळाला गेले असेल, तर आमवाताचे निदान पुन्हा तपासायला हवे. मेल्ट्झर आणि फ्रँकलिन या संशोधकांनी ठिपके, सांधेदुखी आणि अशक्तपणा हे त्रिकूट १९६६ साली मांडले. विषाणूचा शोध १९८९ सालचा. तोवर या आजाराला 'अज्ञात कारणाचा' म्हणणे भाग होते. आज तसे म्हणायला सबब उरलेली नाही.

आता थंडी खरोखर नडते ती जागा. क्रायोग्लोब्युलिनच्या तपासणीसाठी सुई आणि नळी आधी कोमट करावी लागते. रक्त गोठेपर्यंत ३७ अंशांवर ठेवायचे, सीरमही उबेतच वेगळे काढायचे आणि मगच ते ४ अंशांवर आठवडाभर ठेवून तळाशी पांढरा साका बसतो का, ते पाहायचे. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधून हीच नळी बर्फाच्या डब्यात घालून मुंबईला धाडली, तर प्रथिने वाटेतच साकळतात, गोठलेल्या रक्ताबरोबर खाली बसतात आणि फेकली जातात. रिपोर्ट येतो 'निगेटिव्ह'. असल्या निगेटिव्हवर विसंबून रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे चाळणीने पाणी भरणे.

'मग सरसकट सगळ्यांचीच तपासणी करा' हेही मला मान्य नाही. जुनाट हेपॅटायटिस सीच्या कितीतरी रुग्णांत ही प्रथिने थोडीफार सापडतात, त्रास मात्र मोजक्यांनाच होतो. प्रत्येक भेटीत पाय उघडे करून पाहा, लघवीतले प्रथिन आणि रक्त तपासा, तळव्यांची संवेदना विचारा. याला नामांकित लॅब लागत नाही. संशय आला, तर नमुना उबेत ठेवू शकणाऱ्या जागी रुग्णालाच पाठवा, नळीला नको.

उपचाराचे घोडे पूर्वी पैशांपाशी अडायचे. २८ जुलै २०१८ पासून हेपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात विषाणूविरोधी औषधे मोफत आहेत. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरचा कोर्स बहुतेकांना १२ आठवड्यांचा. यकृत ठीक आहे म्हणून तो लांबणीवर टाकू नये. मूत्रपिंड किंवा नसा गंभीर बिघडल्या असतील, तर बी पेशींना आवरणारे रिटुक्सिमॅबही लागू शकते. विषाणू गेला तरी काहींच्या बी पेशींची खोड लगेच जात नाही, क्वचित त्यातून लिम्फोमाही होतो. म्हणून 'व्हायरस नॉट डिटेक्टेड' असा कागद हातात आल्यावरही लघवी आणि सी४ तपासत राहायला हवे.