बाटली फेकू नका, बिल जपून ठेवा

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, साधा सर्दी-ताप झालेली लेकरं एकामागून एक दगावली. वीसहून जास्त. लघवी बंद झालेल्या अवस्थेत त्यांतल्या अनेकांना नागपूरला आणलं होतं आणि कित्येकांनी नागपूरच्या दवाखान्यांतच जीव सोडला. त्यांना दिलेलं 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचं सिरप तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलं होतं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. चालतं किती? ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषाची. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ही बॅच विकू नका, वापरू नका असा इशारा काढला.

हे रसायन कारखान्यात वापरायचं असतं. चवीला गोड असतं, म्हणून लेकरू थुंकत नाही. आधी उलट्या, पोटदुखी, मग लघवी कमी होत होत थांबते, कारण मूत्रपिंडं बंद पडतात. सर्दीचं औषध चालू असताना मूल लघवी करत नसेल तर एक रात्रसुद्धा थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत घ्या. आपल्या राज्याला हे विष नवीन नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. त्यानंतर इतक्या वर्षांनी पुन्हा तेच.

अशा वेळी वस्तीत पहिला प्रश्न आईला विचारला जातो, "तू पाजलंसच कशाला?" मला या प्रश्नाचा संताप येतो. सीलबंद बाटलीत काय आहे हे आईने कसं ओळखायचं? ते तपासायला कंपनी आहे, सरकारचे औषध निरीक्षक आहेत, त्यांचा पगार त्यासाठीच आहे. प्रश्न त्यांना विचारायचा, आणि विचारायचे रस्ते कायद्यात आहेत.

कंपनीच्या मालकाला अटक झाली, कारखान्याचा परवाना गेला, हे आपण बातम्यांत पाहिलं. औषध कायद्यात भेसळीच्या औषधाने मृत्यू झाला तर किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि वसूल झालेला दंड घरच्यांना द्यायची तरतूदही आहे. पण तो खटला सरकार चालवतं आणि तो कधी संपेल याचा नेम नाही. शिवाय ज्याचं मूल वाचलं पण डायलिसिसवर गेलं, त्याला दर आठवड्याचा खर्च आज करायचा आहे. त्यासाठी घरच्यांना स्वतःची वेगळी तक्रार करावी लागते.

ती जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. आपला पुण्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. कंपनीने मुद्दाम केलं की चुकून, हे आपण सिद्ध करायचं नसतं. वस्तूत दोष होता आणि त्याने इजा झाली, एवढं दाखवायचं. मुलासाठी आईवडील तक्रार करू शकतात, मूल गेलं असेल तर वारस. मुदत दोन वर्षांची. आणि फीला घाबरून कित्येक जण मागे फिरतात म्हणून नीट सांगते: फी आपण किती भरपाई मागतो यावर नाही, वस्तूला किती पैसे दिले यावर ठरते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फीच नाही. शंभर रुपयांच्या बाटलीसाठी २० लाख मागितले तरी फी शून्य.

वकिलाचं काय? विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला, प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक बालकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दाखल्यावर 'बौद्ध' आहे म्हणून कोणी परत पाठवलं तर १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही अनुसूचित जातीत आहेत हे सांगा. ती हुज्जत नको असेल तर अर्ज आईच्या नावाने करा. ती स्त्री आहे, एवढं पुरे. मुळशीतल्यांनी पौडच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करावी, नाहीतर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. फोन १५१००. ही मेहरबानी नाही, अर्ज ताठ मानेने करावा.

एक अडचण मात्र आहे. औषध सरकारी आरोग्य केंद्रातून फुकट मिळालं असेल तर "तुम्ही ग्राहकच नाही" असा वाद समोरचा वकील घालणार. तेव्हा मानवी हक्क आयोगाचा रस्ता धरावा. तिथे फी नाही, तक्रार मात्र वर्षाच्या आत हवी. जम्मूच्या रामनगरमध्ये २०१९-२० मध्ये अशाच सिरपने मुलं गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १२ मुलांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं, तेही सरकारने, कारण औषध खात्याने लक्ष ठेवलं नाही. सरकार वर कोर्टात भांडलं, पण पैसे द्यावेच लागले. तीन लाखात लेकरू येत नाही. पण खात्याची चूक कागदावर आली, हे मी मोठं मानते.

आता हे सगळं कशावर उभं राहतं? बाटलीवर. आपल्याकडे मूल दगावलं की त्याच्या वस्तू घराबाहेर काढतात, उरलेलं औषध मोरीत ओततात. दुःखात हात तसाच चालतो. म्हणून शेजारणीने, आशाताईने त्या घरात आधी बाटली ताब्यात घ्यावी: उरलेल्या औषधासकट, झाकण घट्ट लावून, खोक्यासह, बॅच नंबर पुसू न देता. चिठ्ठी, दवाखान्याचे सगळे कागद, लघवी-रक्ताचे रिपोर्ट यांची झेरॉक्स काढून ठेवावी. अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ वर कळवावं आणि त्यांनी नमुना नेला तर पावती मागावी. औषध कायद्याने सामान्य माणसालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येतं.

बिल. पिरंगुट, भूगावच्या पट्ट्यात मी पाहते, सिरपची बाटली कागदात गुंडाळून हातावर ठेवतात, बिल मागितलं की "एवढ्याशाला कशाला?" म्हणतात. त्याच 'एवढ्याशा' कागदावर बॅच नंबर असतो. दुकानदार चिडला तर चिडू दे.

खेळण्यांचंही थोडं. जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. आठवडी बाजारातल्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नसतं. बनवणारा सापडलाच नाही तर विकणारा जबाबदार धरता येतो, म्हणून दुकान लक्षात ठेवा, पाकीट ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं.

राहिलं सर्दीचं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं आहे: दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीचं सिरप देऊच नये, पाच वर्षांखालीही सहसा नको. डॉक्टरांना तसं विचारा. दुकानदाराने आपल्या मनाने दिलेली बाटली तर घरात आणूच नका.