सॅटर्डेचा धनी रोमन



इंग्रजी वार उत्तर युरोपीय देवांचे, हे येथे छापलेल्या एका पत्रातील विधान चारच वारांना लागू पडते. वेन्सडे वोडनचा, थर्सडे थॉरचा, फ्रायडे फ्रिगचा, ट्यूसडे टिवचा. संडे-मंडे सूर्यचंद्रांचे. सॅटर्डेचा धनी मात्र रोमन सॅटर्न, म्हणजे आपला शनीच!

सौंसरजवळच्या जामसावलीला निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी पांढुर्ण्यापासून गर्दी लोटते. नेमके हेच दोन वार इंग्रजीत वेगळ्या वाटांनी गेले. मंगळ म्हणजे रोमनांचा मार्स. जर्मन टोळ्यांनी त्याच्या जागी आपला टिव बसवला. शनीला तसा जोडीदार बहुधा मिळाला नाही, म्हणून परकाच टिकला.

त्याच पत्रात पांढुर्ण्याच्या गोटमार जत्रेचाही वार दिला आहे. तो कशाला? जाम नदीवरची गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते, मग वार कोणताही असो.

— एक वाचक, पांढुर्णा