एक्क्याण्णव म्हणजे नक्की किती?

गेल्या जूनमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, हातात चहाचा कप, आणि नाशिकहून ताईचा फोन. (मामेबहीण, पण सख्खीपेक्षा सख्खी.) "अरे, सीईटीचा निकाल लागला. ९१ पडले." मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडतोय तोवर मागून भाऊजींचा आवाज आला, "त्याला विचार, मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरून ठेवायची का?"

झालं होतं असं, की निकालाच्या संध्याकाळी भाऊजींनी ९१ टक्के समजून अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ओळखीतले एक 'जाणकार' घरी आले आणि म्हणाले, ९१ ला आजकाल कोण विचारतंय? पैसे भरा आणि मोकळे व्हा. चोवीस तासांत पोरगं हुशारचं ढ झालं, तेही एकच आकडा घेऊन! स्वारी खोलीचं दार लावून बसली होती. आणि भाऊजी प्लॉटसाठी साठवलेले पैसे मोडायला निघाले होते.

गंमत अशी, की पेढेही चूक होते आणि घबराटही चूक.

आमच्या वेळी सीईटीचे मार्क दोनशेपैकी असत. १५० म्हणजे १५०, विषय संपला. पेपर आजही दोनशेचाच आहे: गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका मार्काचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण २०१९ पासून परीक्षा कॉम्प्युटरवर, अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये होते. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. कुणाला सोपा, कुणाला घाम फोडणारा. म्हणून मार्कांऐवजी पर्सेंटाइल देतात. म्हणजे तुमच्या शिफ्टमधल्या शंभरातल्या किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क आहेत, एवढंच. शिफ्टमधला पहिला आला की १०० पर्सेंटाइल, मग त्याला दोनशेपैकी कितीही असोत. आमच्या भाच्याने उत्तरतालिका लावून मोजले होते, तर त्याला शंभराच्या जरासेच वर मार्क होते. टक्क्यांत पन्नाशीच्या घरात, पर्सेंटाइल मात्र ९१.

(आणखी एक गैरसमज: तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाइल नव्हे. एकूण मार्कांवरून ते वेगळं काढतात. बेरीज जुळत नाही म्हणून निकाल चुकला असं समजू नका.)

आता भाऊजींना फोनवर सांगितलेलं गणित. २०२५ मध्ये पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली. ९१ म्हणजे वरचे ९ टक्के पुढे, म्हणजे साधारण ३६ ते ३८ हजार मुलं. हे ऐकून पेढे घशात अडकतात, मान्य. पण त्याच वर्षी राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या आसपास होत्या! मग 'काहीच मिळत नाही' हे कुठून आलं? पुण्याच्या सीओईपीला किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला कॉम्प्युटर मिळणार नाही, हे खरं. तिथे ओपनची यादी साडेनव्याण्णवच्याही वर बंद होते. पण त्याच कॉलेजांत मेटलर्जी किंवा सिव्हिल बरंच खाली येतं, आणि त्याखालीही बरीच कॉलेजं उरतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचा वेग पर्सेंटाइलमध्येच मोजतो. पण पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतोच, "कशाचा, आणि किती रिक्वेस्टपैकी?" स्वतःच्या घरात मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. जेईई मेनचंच बघा. २०२५ मध्ये साधारण पावणेपंधरा लाख मुलं बसली. तिथे ९९ म्हणजे पुढे जवळजवळ १५ हजार. आणि ओपनमधून ९३.१ ला काय मिळालं? अ‍ॅडव्हान्स्ड नावाच्या पुढच्या परीक्षेला बसायची परवानगी. तेच ९३ आपल्या सीईटीत पडले तर थेट जागा मिळते. आकडा तोच, अर्थ वेगळा.

म्हणून माझं मत विचाराल तर 'चांगला स्कोअर' अशी वस्तूच अस्तित्वात नाही. या शाखेला, या कॉलेजात, या प्रवर्गातून, या फीमध्ये पुरेसा स्कोअर असतो किंवा नसतो. आणि ते कळायला कुणा जाणकाराची गरज नाही. सीईटी सेल मागच्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांचे कटऑफ कॉलेजवार, शाखावार जाहीर करतं. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफीच्या जागाही बघाव्यात. त्यांचा कटऑफ चढा असतो, पण घरावरचं ओझं बरंच उतरतं.

त्या शनिवारी दुपारी भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. आधी दहा मिनिटं तो बोललाच नाही. मग मी विचारलं, "स्कोअर सोड, तुला काय शिकायचंय?" तर म्हणाला, "मामा, हे मला अजून कुणी विचारलंच नाही." मला काय बोलावं सुचेना. मग दोघांनी मिळून यादी केली. त्याला आवडणारं सगळ्यात वर, मिळेल की नाही याचा विचार न करता. वर टाकल्याने काही बिघडत नाही, कारण ते नाही मिळालं तर खालचा पर्याय बघितला जातोच. फक्त मनापासून नको असलेलं पहिल्या नंबरला टाकू नये. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो.

दुसऱ्या फेरीत त्याला घराजवळ ई अँड टीसी मिळालं. यादीत तिसरं होतं. भाऊजींचे पैसे जागच्या जागी आहेत. त्याचं पुढे काय होईल ते चार वर्षांनी कळेल, आणि ते ९१ वर तर नक्कीच ठरणार नाही.

असो. यंदा तुमच्याही नात्यात कुणाचा तरी निकाल लागेल. 'किती पडले?' हे विचारायला दहा जण असतील. तुम्ही तेवढं दुसरं विचारा.